अवयवरोपणातला औषधनिर्माता

सदाशिव पेठेत औषधांच्या दुकानांना तोटा नाही. त्यामुळे फार्मसिस्ट म्हटले की डॉक्टरांची चिठ्ठी वाचून गोळ्या काढून देणारा माणूस, एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. अवयवरोपणाच्या इतिहासात तर त्याला जागाच नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी १९६८ मध्ये हृदयरोपण केले हे आपण वर्गात सांगतो. पण परका अवयव शरीराने नाकारू नये म्हणून रुग्णाला पुढे वर्षानुवर्षे जी औषधे घ्यावी लागतात, ती कोणी शोधली आणि पोटात जिरतील अशी कोणी बनवली, हे सहसा सांगत नाही. त्यांतल्या एकाची ही हकिकत.

डॉ. सुरेंद्रनाथ सेहगल यांचा जन्म १९३२ चा, आज पाकिस्तानात असलेल्या खुशाबचा. बनारस हिंदू विद्यापीठातून त्यांनी औषधनिर्माणशास्त्राची पदवी व पदव्युत्तर पदवी घेतली, ब्रिस्टलला डॉक्टरेट केली आणि १९५९ मध्ये ते माँट्रियलच्या आयर्स्ट या औषध कंपनीत दाखल झाले.

पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर १९६४-६५ मध्ये कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम गेली होती. तिने आणलेले मातीचे नमुने आयर्स्टकडे आले. मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीस जीवाणूंपासून प्रतिजैविके मिळवणे ही तेव्हाची रूढ वाट होती. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. थिरुमलाचार व सहकाऱ्यांनी याच वाटेने १९६१ मध्ये हमायसिन हे बुरशीनाशक मिळवले होते; त्याच्या जीवाणूचे नावही स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना! माँट्रियलला वेझिना, सेहगल आणि त्यांचे सहकारी बुरशीनाशकच शोधत होते. त्यांना जे सापडले, त्याला बेटाच्या ‘रापा नुई’ या नावावरून रॅपामायसिन म्हटले गेले. त्याची माहिती १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली.

पण प्राण्यांवरील प्रयोगांत हे औषध प्रतिकारशक्ती दाबते असे आढळले. बुरशीने आजारी असलेल्या माणसाला असे औषध कसे द्यायचे? ते मागे पडले. पुढे कंपनीने माँट्रियलची प्रयोगशाळाच बंद केली. न्यू जर्सीला बदली झालेल्या सेहगल यांनी त्या जीवाणूच्या काही कुप्या घरच्या फ्रीझरमध्ये, ‘खाऊ नये’ अशी चिठ्ठी लावून जपून ठेवल्या, असे त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितले आहे. कंपनीचा नियम मोडला असेल, पण मला तरी त्यात चूक दिसत नाही.

दरम्यान जपानी मातीतून टॅक्रोलिमस मिळाले. त्याची माहिती १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याची रचना रॅपामायसिनशी मिळतीजुळती होती आणि ते रोपित अवयव टिकवत होते. म्हणजे जो दोष समजला गेला, तोच गुण होता. कंपनीचे व्यवस्थापन बदलले तेव्हा सेहगल यांनी पुन्हा काम सुरू करायला लावले. केंब्रिजच्या रॉय काल्न यांनी १९८९ मध्ये प्राण्यांतील अवयवरोपणावरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि १९९९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडरोपणासाठी या औषधाला मान्यता मिळाली.

तरी अडचण उरलीच. रॅपामायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पहिले औषध द्रवरूप होते. ते थंड जागी ठेवायचे आणि पाण्यात किंवा संत्र्याच्या रसात मिसळून घ्यायचे. इथे औषध घडवणाऱ्यांची दुसरी तुकडी कामाला आली. त्यांनी केले ते वैद्य खलात करतात तेच, म्हणजे घोटणे. फक्त कण काही शे नॅनोमीटरपर्यंत बारीक केले आणि ते पुन्हा चिकटू नयेत म्हणून त्यांवर लेप दिला. वर्गात हिशेब करून पाहावा. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच २०० नॅनोमीटर बाजूचे घन केले तर ते ३० चौरस मीटर होते, म्हणजे पेठेतल्या जुन्या वाड्यातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाएवढे. पृष्ठफळ वाढले की विरघळण्याचा वेग वाढतो. अशी गोळी २००० मध्ये आली.

सेहगल यांना १९९८ मध्ये कर्करोग झाल्याचे कळले होते. पेशींची वाढ रोखणारे आपलेच औषध त्यांनी स्वतःवर वापरून पाहिले. ते २००३ च्या जानेवारीत वारले. रॅपामायसिन रामबाण नाही. ते जखम भरण्याचा वेग मंदावते, म्हणून फुप्फुसरोपणानंतर लगेच देत नाहीत. मूत्रपिंडाच्या रुग्णांतही रक्तातले प्रमाण वारंवार तपासून मात्रा ठरवावी लागते, आणि अनेक रुग्णालयांत या मोजमापावर फार्मसिस्टची नजर असते.