संदेशाभिमुख आणि प्रोसीजर-कॉल विचारपद्धती (वेब सेवा)

संदेशाभिमुख विचारपद्धती आणि प्रोसीजर-कॉल विचारपद्धती या वेब सेवांची रचना करण्याच्या दोन भिन्न दृष्टी होत. पहिलीत दोन प्रणाली एकमेकींना स्वयंपूर्ण संदेश पाठवतात, असे मानले जाते. दुसरीत एक प्रणाली दुसऱ्या संगणकावरील कार्य (प्रोसीजर) आपल्याच प्रोग्रॅमचा भाग असल्याप्रमाणे चालवू पाहते. दोन्हींत जाळ्यावरून जाणारी माहिती पुष्कळदा सारखीच असते. जाळे केव्हातरी खंडित होणारच हे रचनेतच गृहीत धरायचे, की ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या दृष्टीआड ठेवायचे, हा त्यांतील मूलभूत फरक आहे.

इतिहास

रिमोट प्रोसीजर कॉल (आरपीसी) या तंत्राची पायाभूत मांडणी झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो संशोधन केंद्रातील अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात आढळते. दूरच्या संगणकाकडून काम करून घेणे हे स्थानिक कार्य चालवण्याइतके सोपे व्हावे, हा त्यांचा हेतू होता. १९९१ साली आलेल्या कोर्बा या मानकाने हीच कल्पना ऑब्जेक्टना लागू केली.

सन मायक्रोसिस्टिम्समधील जिम वाल्डो व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९९४ साली या साम्यावरच आक्षेप घेतला. लागणारा वेळ, स्मृतीचा वापर, अंशतः बिघाड आणि एकाच वेळी चालणारी कामे या बाबतींत स्थानिक व दूरस्थ व्यवहार मुळातच भिन्न असल्याने तो भेद लपवू नये, असे त्यांनी दाखवून दिले.

वेबवर १९९८ साली एक्सएमएल-आरपीसी व त्यानंतर सोप हे प्रोटोकॉल आले. २००१ सालच्या डब्ल्यूएसडीएल १.१ या सेवावर्णन-भाषेत ‘आरपीसी’ आणि ‘डॉक्युमेंट’ अशा दोन्ही शैलींची सोय होती. २००३ साली मानक म्हणून मान्य झालेल्या सोप १.२ मध्ये संदेशाची चौकट मुख्य भागात असून आरपीसीची पद्धत पूरक भागात आहे.

स्वरूप

प्रोसीजर-कॉल पद्धतीत कार्याचे नाव व त्याला द्यावयाची मूल्ये ठरलेली असतात. ती पाठवून बोलावणारा प्रोग्रॅम सामान्यतः उत्तराची वाट पाहत थांबतो. ही पद्धत शिकण्यास सोपी आहे. मात्र कार्याच्या रूपात बदल झाला, तर दोन्ही बाजूंना आपापले प्रोग्रॅम बदलावे लागण्याचा संभव असतो.

संदेशाभिमुख पद्धतीची तुलना टपाल खात्याच्या पूर्वीच्या कागदी मनीऑर्डरशी करता येईल. मनीऑर्डरच्या अर्जावर पाठवणारा, घेणारा, रक्कम व मजकूर हे सारे असे. अर्ज खिडकीवर दिल्यावर पाठवणारा आपल्या कामाला लागे. घेणाऱ्याच्या सहीची पोच यथावकाश परत येई. त्याचप्रमाणे संदेशातही तो समजण्यास आवश्यक ती माहिती असते. तो रांगेत थांबू शकतो, मधल्या टप्प्यांवरून पुढे जाऊ शकतो आणि त्याचे उत्तर स्वतंत्र संदेशाने येऊ शकते.

उत्तर न आल्यास

बँकेकडे पैसे वळते करण्याची विनंती गेली आणि उत्तर आलेच नाही, असे समजू. विनंती वाटेतच हरवली असेल, काम अर्धवट राहिले असेल किंवा काम होऊन केवळ उत्तर हरवले असेल. पाठवणाऱ्याला या तिन्ही शक्यता सारख्याच दिसतात. अशा वेळी विनंती पुन्हा पाठवल्यास रक्कम दोनदा वळती होण्याचा धोका असतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक विनंतीला स्वतंत्र क्रमांक देतात. तोच क्रमांक पुन्हा आल्यास घेणारी प्रणाली काम पुन्हा न करता पहिलाच निकाल कळवते.

नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने २०१६ साली सुरू केलेली यूपीआय ही सुविधा या विचाराचे परिचित उदाहरण होय. तिच्यात एक्सएमएल संदेशांची देवाणघेवाण होते. विनंती मिळताच केवळ तिची पोच दिली जाते. निकाल नंतर स्वतंत्र संदेशाने कळवला जातो. निकाल न आल्यास व्यवहाराच्या क्रमांकावरून त्याची स्थिती विचारता येते. व्यवहार ‘प्रलंबित’ असल्याची सूचना म्हणजे पैसे गेले किंवा गेले नाहीत यांपैकी काहीच अद्याप निश्चित झाले नसल्याची कबुली असते.

मर्यादा

संदेशाभिमुख रचनेत संदेशांचा क्रम राखणे, हरवलेल्या संदेशांचा माग काढणे आणि दोषाचे मूळ शोधणे अवघड जाते. त्यामुळे एकाच संस्थेच्या ताब्यातील, वेगवान जाळ्याने जोडलेल्या प्रणालींमध्ये आरपीसी आजही प्रचलित आहे. गूगलने २०१५ साली खुले केलेले जीआरपीसी हे त्याचे उदाहरण असून त्यात प्रत्येक कॉलला कालमर्यादा घालता येते. तथापि मुदत संपली म्हणजे काम झाले नाही, असा अर्थ होत नाही. हे भान दोन्ही पद्धतींत ठेवावे लागते.