नायसिन : विरजणाकडून कासेकडे

गायीम्हशींच्या कासदाहास आपल्याकडील पशुपालक ‘दगडी’ म्हणतात. सुजलेली कास हातास दगडासारखी कठीण लागते. या रोगावरील प्रतिजैविकांचा इतिहास बहुधा पेनिसिलिनपासून सांगितला जातो. परंतु ज्या १९२८ साली फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला, त्याच साली अमेरिकेत रॉजर्स यांनी दुधातील एका स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे दुसऱ्या आम्लजनक जंतूची वाढ खुंटते, हे नोंदविले. औषधाची योग्यता केवळ त्याच्या मारक शक्तीवर अवलंबून नसते, हे या दुसऱ्या शोधाच्या वाटचालीवरून दिसून येते.

आरंभी हा गुण दोष म्हणूनच पुढे आला. चीजसाठी लावलेले विरजण नीट काम करीत नाही, या अडचणीचा माग काढताना न्यूझीलंडमध्ये व्हाइटहेड यांना १९३३ साली हेच जंतुरोधक द्रव्य आढळले. पुढे इंग्लंडमध्ये रेडिंगजवळील शिनफील्ड येथील दुग्धसंशोधन संस्थेत मॅटिक व हर्श यांनी त्याचा अभ्यास केला. लान्सफील्ड यांच्या वर्गीकरणातील ‘एन’ गटाच्या जंतूंचे ‘इन्हिबिटरी सब्स्टन्स’ म्हणून त्यास ‘नायसिन’ हे नाव मिळाले. १९४९ साली टेलर, हर्श व मॅटिक यांनी स्ट्रेप्टोकॉकस व स्टॅफिलोकॉकस या जंतूंमुळे होणाऱ्या कासदाहावर नायसिनच्या उपचाराचे प्रयोग प्रसिद्ध केले.

हे दोन्ही जंतू नायसिनला बळी पडतात. तरीही ते औषध म्हणून रूढ झाले नाही. नायसिन आम्ल द्रवात चांगले विरघळते व टिकते. आम्लता घटली की त्याची विद्राव्यता आणि स्थैर्य कमी होते. कासदाहात तर दूध नेहमीपेक्षा अधिक अल्कधर्मी बनते. शिवाय पेनिसिलिन तोवर सहज मिळू लागले होते.

मात्र जे कासेत साधले नाही, ते चीजमध्ये साधले. चीजमध्ये वायू निर्माण करून ते फुगविणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम जंतूंना नायसिनने आवर घालता येतो, हे हर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली दाखविले. पोटातील प्रथिनपाचक विकरे नायसिनचे विघटन करतात, हा गुणही उपयोगी ठरला. १९६९ साली त्यास अन्नरक्षक म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

दरम्यान पेनिसिलिनची उणीव उघड झाली. उपचारानंतर त्याचा अंश दुधात उतरतो, आणि अशा दुधाचे विरजण बिघडते. काही स्टॅफिलोकॉकस तर पेनिसिलिनचेच विघटन करू लागले. त्यामुळे १९९० च्या दशकात नायसिन पुन्हा गोठ्यात आले. या वेळी कासेच्या आत सोडण्यासाठी नव्हे, तर सडांच्या त्वचेच्या निर्जंतुकीकरणासाठी. एकेकाळी चीज करणाऱ्यांना अडचणीत टाकणारे द्रव्य अशा रीतीने रोगाच्या प्रवेशद्वारावर पहारेकरी झाले. द्रव्य तेच राहिले. बदलले ते त्याच्या उपयोगाचे स्थान.