'निवड' नावाचं टाळं

'शाळा निवडायचं स्वातंत्र्य' हा शब्द गोड लागतो. माझ्या सूतगिरणीतले साथीही भुलतात. त्यांच्यासाठी हा अमेरिकेतला इतिहास. पँथर हे नाव १९७२ ला आपण तिथल्या ब्लॅक पोरांकडूनच घेतलं.

व्हर्जिनियातला प्रिन्स एडवर्ड परगणा. ब्लॅक पोरांचे वर्ग म्हणजे डांबरी कागद मारलेली खोपटं. १९५१ ला १६ वर्षांच्या बार्बरा जॉन्सनं संप घडवला. पोरांचा संप! त्यातला खटला १९५४ च्या ब्राउन निकालात गेला; वेगळ्या शाळा बेकायदा ठरल्या. मग गोऱ्यांनी काय करावं? १९५९ ला परगण्यातल्या सगळ्या सरकारी शाळांना टाळं ठोकलं. गोरी पोरं खाजगी शाळेत, वर फीला सरकारी मदत. ब्लॅक पोरं पाच वर्षं सरकारी शाळेविना, १९६४ ला कोर्टानं हुकूम देईस्तोवर.

२०१७ ला ट्रम्पनं बेट्सी डिव्हॉस या धनवान बाईला शिक्षणखात्यासाठी पुढं केलं. तिचा हेतू तोच होता असं मी म्हणत नाय. पण खाजगी शाळेला सरकारी पैसा, ही वाट तीच. शाळेत बंदूक हवी का? बाई म्हणाली, कुठं अस्वलांसाठी असेल. कॉलेजातल्या लैंगिक अत्याचाराबाबतचे २०११ चे निर्देश पाळणार? हमी दिली नाही. शिक्षक संघटना उठल्या, ट्रम्पच्याच पक्षातल्या दोघी विरोधात गेल्या. मतं ५०-५०. उपराष्ट्राध्यक्षाच्या एका मतावर बाई तरली.

महिन्याच्या आत ती बोलली, ब्लॅक कॉलेजं ही 'निवडी'ची अग्रदूत. अरे, गोरे दारात उभं करत नव्हते म्हणून ती निघाली! मे महिन्यात बेथ्यून-कुकमन या ब्लॅक विद्यापीठात ती भाषणाला उभी राहिली, तेव्हा कितीतरी पदवीधर पाठ फिरवून उभे राहिले. सप्टेंबरात तिनं ते २०११ चे निर्देश मागे घेतले.