नऊ एकांची माळ

१२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच. नऊ एक ओळीने मांडून त्या संख्येचा वर्ग केला की ही मिळते. नंदगड काय, बेळगाव काय, वहीच्या मागच्या पानावर हा गुणाकार करून पाहणारे एखादे पोर प्रत्येक वर्गात असतेच. या संख्येचे कूळ मात्र जुने आहे, आणि निम्मे तर कर्नाटकातलेच.

नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी महावीराचार्य या जैन गणितीने ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. जैन परंपरेला अजस्र संख्यांची ओढ पहिल्यापासूनची, आणि ही परंपरा या मुलुखातही मुरलेली: नंदगडशेजारच्या हलशीत सापडलेले कदंबांचे ताम्रपट जैनांना दिलेल्या दानांची साक्ष देतात, तेही महावीराचार्यांच्या कितीतरी आधीची. महावीराचार्य माळेसारख्या दिसणाऱ्या गुणाकारांना ‘कंठिका’ म्हणत. १२३४५६७९ ला ९ ने गुणले की नऊ एक, ही त्यातलीच. २७९९४६८१ गुणिले ४४१ म्हणजे १२३४५६५४३२१, हीसुद्धा. एकापासून सहापर्यंत चढून पुन्हा उतरणारी, असे तिचे वर्णन त्यांनी केले आहे. नऊपर्यंत चढणारी आपली संख्या हिचीच थोरली बहीण.

हा ग्रंथ १९१२ साली एम. रंगाचार्यांच्या इंग्रजी भाषांतरासह मद्रासला छापला गेला. पुढचा धागा आपल्याला देवळालीला नेतो. डहाणूत १९०५ साली जन्मलेले, फर्ग्युसनमध्ये शिकलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर तिथे शाळामास्तर होते. त्यांनी अशा चढून उतरणाऱ्या संख्यांना ‘डेम्लो’ म्हटले, ते जी. आय. पी. रेल्वेवरच्या एका स्टेशनावरून. कल्पना तिथे सुचली म्हणून. १९३९ साली के. आर. गुंजीकरांसोबत त्यांनी डेम्लो संख्यांवर शोधनिबंध लिहिला. हे आडनाव ऐकले की खानापूर तालुक्यातल्या माणसाला लोंढ्याच्या वाटेवरचे गुंजी स्टेशन आठवणारच. विद्यापीठीय गणितात मास्तरांची फारशी दखल कुणी घेतली नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले, तेव्हा जगाला नाव कळले. आपल्याला आधी कळायला हरकत नव्हती.

कापरेकरांची आणखी एक जात म्हणजे ‘हर्षद’: आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी संख्या. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. तिचे वर्गमूळ नऊने भागले जाते, म्हणून ती स्वतः ८१ ने भागली जाते. भागाकार महावीराचार्यांच्या त्या १२३४५६७९ चा वर्ग. म्हणजे ती डेम्लोही आणि हर्षदही. महावीराचार्यांची सहापर्यंतची माळ मात्र हर्षद नाही: तिची बेरीज ३६, आणि विषम संख्या ३६ ने कशी भागणार?

एवढ्या देखण्या रूपामागचे कारण अगदी साधे आहे. गुणाकार मांडला की मधल्या रकान्यात नऊ एक येतात, त्यांची बेरीज एका अंकात मावते, हातचा लागत नाही. दहा एकांचा वर्ग करून पाहा: १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ नाहीसा, मध्ये दोन शून्ये, आणि उलटसुलट सारखे वाचणेही संपले.