वेळासची टोपली

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया नाहीतर तह आठवतात. वेळास हे नावही मी पहिल्यांदा ऐकलं ते नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचं गाव म्हणून. पण या गावाचा दुसरा एक इतिहास आहे, अगदी अलीकडचा, आणि मला विचाराल तर तो जास्त अवघड आहे.

गोष्ट २००२ सालची. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ची मंडळी भाऊ काटदरेंबरोबर समुद्र गरुडाची घरटी मोजत किनारपट्टीवर फिरत होती. वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. ऑलिव्ह रिडले कासवं इथे येतात हे गावाला ठाऊक होतंच की! अंडी काढून खायची, विकायची, हे पिढ्यान् पिढ्या चाललेलं. १९७२च्या कायद्याने कासवाला संरक्षण दिलं खरं, पण रात्री दोन वाजता किनाऱ्यावर कायदा थोडाच उभा असतो?

मग यांनी काय केलं? पोलीस नाही बोलावले. ज्यांना घरटी शोधता येत होती, त्यांनाच राखणीला घेतलं. वाळूतला माग ओळखण्यात त्यांच्याइतका तरबेज दुसरा कोण मिळणार? पहिल्याच हंगामात ५० घरटी वाचली आणि २,७३४ पिल्लं समुद्रात गेली.

काम वाचायला सोपं वाटतं, करायला नाही. कुत्री-कोल्ही पोचायच्या आत घरटं गाठायचं. शंभरेक अंडी उलटीपालटी न करता उचलायची, नाहीतर आतला जीव मरतो. कुंपणाच्या आत तेवढाच खोल, तसाच मडक्यासारखा खड्डा करून पुरायची. मग दीड-दोन महिने वाट बघायची, वर टोपली पालथी घालून. वाळू किती तापते त्यावर नर की मादी हे ठरतं, तेव्हा जागासुद्धा विचार करून निवडावी लागते.

पण पोटाचं काय? नुसत्या भूतदयेवर गाव किती वर्षं जागणार? २००६ला कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे गावातल्या घरांतूनच राहायला-जेवायला लागले. अंडं विकण्यापेक्षा पिल्लू दाखवणं परवडायला लागलं! हा हिशेब कुणाला रोकडा वाटेल. मला तो प्रामाणिक वाटतो. फक्त एक भीती आहे, उद्या पाहुण्यांच्या सोयीसाठी कासवाचं वेळापत्रक ठरायला नको.

पुढे वन विभाग आला, उपग्रह आले. जानेवारी २०२२मध्ये वेळासच्याच एका मादीच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवला, नाव ठेवलं 'प्रथमा'. आणि २०२१मध्ये ओडिशात खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५मध्ये चक्क गुहागरला अंडी घालायला आली! आपण पूर्व किनारा, पश्चिम किनारा असे कप्पे करून बसलो होतो, तिला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

असो. सकाळी टोपली उचलली की पिल्लं आधी वाळूत चालत समुद्राकडे जातात. त्यातली फार थोडी मोठी होतात. तरीही गावातला कुणीतरी पहाटे उठून टोपली उचलायला जातोच. लढाया-तहांच्या जोडीला हेही कुठेतरी लिहून ठेवायला हवं, म्हणून हा उद्योग.