औत हाकणाऱ्या पोरासाठी

योहान मेंटेलिन या छापखानेवाल्याने स्ट्रासबुर्गला संपूर्ण बायबल जर्मन भाषेत छापलं ते 1466 साली. 1471 मध्ये व्हेनिसहून इटालियन बायबल निघालं, 1488 मध्ये प्रागहून चेक. मार्टिन लूथरचा नवा करार 1522 साली लोकांच्या हाती आला, तोवर जर्मन बोलींत बायबलच्या 18 आवृत्त्या निघून गेल्या होत्या. इंग्लंडात विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला 1476 साली. त्याने चॉसर छापला, राजा आर्थरच्या कथा छापल्या, बुद्धिबळावरचं पुस्तकही छापलं. संतचरित्रांच्या एका जाड ग्रंथात बायबलमधल्या काही गोष्टीही त्याने घातल्या. इंग्रजी बायबल मात्र छापलं नाही. त्याला ते छापताच येत नव्हतं. बिशपच्या परवानगीशिवाय धर्मग्रंथ इंग्रजीत आणणं हा पाखंडाचा गुन्हा होता आणि पाखंडाची शिक्षा जिवंत जाळणं ही होती.

शेजारच्या देशांत जे पुस्तक बाजारात विकलं जात होतं, त्यावर इंग्लंडातच एवढा पहारा का बसला? हे कळण्यासाठी बरंच मागे जावं लागतं, कारण सुरुवातीला तिथेही असा धाक नव्हता.

पहिला माणूस सापडतो तो एक गुराखी. बीड या विद्वान मठवाशाने 731 साली पूर्ण केलेल्या आपल्या इतिहासग्रंथात त्याची हकिकत दिली आहे. व्हिटबीच्या मठात गुरं राखणारा कॅडमन मेजवानीत गाण्याची पाळी जवळ आली की उठून गोठ्यात जायचा, कारण त्याला एकही गाणं येत नव्हतं. एका रात्री स्वप्नात त्याला कुणीतरी गायला सांगितलं आणि त्याने सृष्टीच्या निर्मितीवर गाणं रचलं. मठाची प्रमुख हिल्डा हिने त्याला ठेवून घेतलं. मठवासी त्याला बायबलमधली कथा सांगत, तो ती मनात घोळवून इंग्रजी पद्यात बांधून आणी. हे भाषांतर म्हणता येत नाही. हे आख्यान आहे. पण ग्रंथ लोकभाषेत येताना बऱ्याचदा आधी आख्यान येतं, भाषांतर मागाहून. मराठीत तसंच झालं. इंग्लंडहून निघून 1579 मध्ये गोव्यात पोचलेला जेझुइट थॉमस स्टीफन्स याने ओव्यांतून ख्रिस्तपुराण सांगितलं, ते 1616 साली राचोलला छापलं गेलं. नव्या कराराचं सरळ मराठी भाषांतर विल्यम कॅरीने वैजनाथ पंडितांच्या मदतीने केलं आणि ते सेरामपूरहून 1811 साली निघालं. मध्ये जवळजवळ दोनशे वर्षं गेली.

कॅडमनची गोष्ट सांगणारा बीड स्वतः 735 च्या मे महिन्यात जॅरोच्या मठात वारला, तेव्हा त्याच्या हातात योहानाच्या शुभवर्तमानाचं इंग्रजी भाषांतर होतं. कुथबर्ट नावाच्या शिष्याने त्या शेवटच्या दिवसांचं पत्र लिहून ठेवलं आहे. श्वास लागत असतानाही बीड तोंडाने सांगत होता आणि शिष्य उतरवून घेत होते. ते भाषांतर पुढे हरवलं. त्याची एक ओळही आज उरलेली नाही.

जे उरलं आहे ते लिंडिसफार्नच्या हस्तलिखितात. आठव्या शतकाच्या आरंभी लिहिलेला, रंगीत वेलबुट्टीने भरलेला चार शुभवर्तमानांचा हा लॅटिन ग्रंथ. दहाव्या शतकात आल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने चेस्टर-ल-स्ट्रीट इथे बसून प्रत्येक लॅटिन शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात इंग्रजी शब्द लिहिला. संस्कृत पोथीच्या दोन ओळींमध्ये कुणी शब्दार्थ भरून ठेवावेत, तसं हे काम. सलग वाचलं तर त्यातून वाक्य उभं राहत नाही, कारण शब्दांचा क्रम लॅटिनचाच. तरीही शुभवर्तमानांचं आज हाती असलेलं सर्वांत जुनं इंग्रजी रूप हेच आहे. एवढ्या देखण्या पानांवर पेन टेकवायला या माणसाची छाती कशी झाली, असं वाटतं. पण त्याने शेवटी आपलं आणि मूळ ग्रंथ घडवणाऱ्यांचं नाव लिहून ठेवलं, म्हणून तो ग्रंथ एडफ्रिथ या बिशपने लिहिला हे आपल्याला कळतं.

त्याच शतकाच्या अखेरीस वेसेक्समध्ये चारही शुभवर्तमानं सलग, वाचता येईल अशा इंग्रजीत आली. एल्फ्रिक या विद्वानाने उत्पत्तीच्या पुस्तकाचा काही भाग इंग्रजीत केला, पण प्रस्तावनेत काळजीही बोलून दाखवली: जुन्या काळचे पूर्वज अनेक बायका करत असं वाचून एखादा अडाणी माणूस आपणही तसं वागावं असं समजेल. हे पुस्तक चुकीच्या हाती पडेल ही भीती इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते. पुढची सहा शतकं ती वेगवेगळ्या तोंडून बोलत राहिली.

1066 मध्ये नॉर्मन आले. दरबार फ्रेंच बोलू लागला, चर्च लॅटिन बोलतच होतं आणि इंग्रजी शेतात नि स्वयंपाकघरात राहिली. या काळात स्तोत्रांची काही भाषांतरं झाली. रिचर्ड रोल या एकांतवासी साधूचं त्यांतलं नावाजलेलं. बाकी सांगण्यासारखं थोडं.

मग ऑक्सफर्डचा जॉन विक्लिफ. धर्माचा अधिकार पोप किंवा बिशप यांच्या खुर्चीत नसून ग्रंथात आहे, असं तो म्हणू लागला. अधिकार ग्रंथात असेल तर तो ग्रंथ लोकांना वाचता आला पाहिजे, हे ओघानेच आलं. 1380 नंतरच्या दशकात त्याच्या भोवतालच्या मंडळींनी जेरोमच्या लॅटिन व्हल्गेटवरून संपूर्ण बायबल इंग्रजीत आणलं. यात विक्लिफच्या स्वतःच्या हातचं किती याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. निकोलस ऑफ हेरफर्डचा हात मात्र दिसतो. एका हस्तलिखितात बारूखच्या पुस्तकाच्या मध्येच मजकूर तुटतो आणि इथवरचं भाषांतर निकोलसचं, अशी नोंद आहे. पहिला खर्डा लॅटिनला इतका चिकटलेला की वाचताना अडखळायला होतं. काही वर्षांनी दुसरा, सुधारलेला पाठ आला. तो बोलल्यासारखा चालतो.

छपाई अजून यायची होती. एकेक प्रत हाताने उतरवायची, आणि तरी आज सुमारे 250 हस्तलिखितं शिल्लक आहेत. एवढी बंदी, एवढी जाळपोळ होऊन इतकी उरतात, तेव्हा मूळची किती असतील!

आता पहाऱ्याचं कारण. 1381 साली इंग्लंडात शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला, लंडनमध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपचं डोकं उडवलं गेलं. त्याच सुमारास विक्लिफचे अनुयायी, ज्यांना लोलार्ड म्हणत, गावोगाव इंग्रजी पानं वाचून दाखवत होते. राज्यकर्त्यांच्या मनात इंग्रजी ग्रंथ आणि बंड यांची गाठ पक्की बसली. लेस्टरचा बखरकार हेन्री नाइटन तक्रार करतो की विक्लिफने शुभवर्तमान सामान्य माणसांना, बायकांनासुद्धा उघडं करून दिलं आणि मोती डुकरांच्या पायदळी गेले. 1401 मध्ये पाखंड्यांना जाळण्याचा कायदा झाला. 1409 मध्ये आर्चबिशप अरुंडेलने परवानगीशिवाय बायबलचं कुठलंही भाषांतर करण्यावर आणि विक्लिफच्या काळापासूनचं भाषांतर वाचण्यावर बंदी घातली. विक्लिफ 1384 मध्येच वारला होता. 1428 साली त्याची हाडं उकरून जाळली आणि राख स्विफ्ट नदीत टाकली. म्हणून कॅक्स्टनच्या छापखान्यातून बायबल निघालं नाही.

विल्यम टिंडल या पार्श्वभूमीवर येतो. ग्लॉस्टरशरचा, ऑक्सफर्डला शिकलेला, भाषांची विलक्षण देणगी असलेला. लिटल सॉडबरी इथे सर जॉन वॉल्श यांच्या मुलांना शिकवत असताना एका धर्मपंडिताशी त्याचा वाद झाला. देवाच्या नियमांवाचून चालेल पण पोपच्या नियमांवाचून नाही, असं तो पंडित म्हणाला. त्यावर टिंडलचं उत्तर हुतात्म्यांची चरित्रं लिहिणाऱ्या जॉन फॉक्सने नोंदवलं आहे: आयुष्य राहिलं तर औत हाकणाऱ्या पोराला तुझ्याहून जास्त शास्त्र कळेल असं मी करीन.

हे बोलणं त्याने अक्षरशः खरं केलं. 1523 मध्ये तो लंडनचा बिशप कुथबर्ट टन्स्टल याच्याकडे आश्रय मागायला गेला. नकार मिळाला. हम्फ्री मनमथ या कापडव्यापाऱ्याने त्याला घरात ठेवलं, पैसे दिले. 1524 मध्ये टिंडल इंग्लंड सोडून जर्मनीला गेला. पुन्हा मायदेशी त्याचे पाय लागले नाहीत.

विक्लिफच्या मंडळींनी लॅटिनवरून भाषांतर केलं होतं. टिंडलपुढे इरॅस्मसने 1516 मध्ये छापलेला मूळ ग्रीक नवा करार होता. 1525 मध्ये कोलोनला छपाई सुरू झाली. मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायापर्यंत ती पोचलेली दिसते. तेवढ्यात कोक्लेयस या विरोधकाने छापखान्यातल्या कामगारांना दारू पाजून गुपित काढून घेतलं. छापा पडण्याआधी टिंडल छापलेले कागद घेऊन होडीने ऱ्हाइनवरून वोर्म्सला निसटला. 1526 मध्ये तिथे पेटर शोफरच्या छापखान्यात लहान, हातात मावेल असा नवा करार पूर्ण झाला. कापडाच्या गठ्ठ्यांत लपवून तो इंग्लंडच्या बंदरांत उतरवला गेला. ज्या व्यापारी मार्गाने लोकर नि कापड ये-जा करत होतं, त्याच मार्गाने शुभवर्तमान आलं.

टन्स्टलने त्या प्रती सेंट पॉल्सपाशी जाळल्या. त्या आवृत्तीच्या आज फक्त तीन प्रती माहीत आहेत. एडवर्ड हॉलच्या बखरीत पुढची हकिकत आहे: टन्स्टलने पॅकिंग्टन नावाच्या व्यापाऱ्यामार्फत अँटवर्पला प्रती विकत घेतल्या, पॅकिंग्टन आतून टिंडलचा मित्र, आणि बिशपच्या पैशातून सुधारित आवृत्तीचा खर्च निघाला.

चर्चचा कैवारी सर थॉमस मोर याने टिंडलवर पानंच्या पानं लिहिली. त्याचा राग थोड्या शब्दांवर होता, पण त्या शब्दांवर सगळी सत्ता उभी होती. ग्रीक शब्दाला टिंडलने 'चर्च' न म्हणता जमलेल्या लोकांचा समूह असा अर्थ देणारा शब्द वापरला. 'प्रीस्ट'च्या जागी वडीलधारा. प्रायश्चित्ताच्या जागी पश्चात्ताप. समूह म्हटलं की संस्था मागे पडते, पश्चात्ताप म्हटलं की प्रायश्चित्त सांगणाऱ्याचं काम उरत नाही. मराठी प्रॉटेस्टंट बायबल उघडून पाहा: मंडळी, वडील, पश्चात्ताप. तिन्ही ठिकाणी आपलं बायबल टिंडलच्या बाजूला आहे.

दरम्यान टिंडल हिब्रू शिकला. तेव्हाच्या इंग्लंडात ही भाषा जाणणारे जवळजवळ नव्हतेच. 1530 मध्ये त्याने मोशेचे पाच ग्रंथ मूळ हिब्रूवरून इंग्रजीत छापले. हिब्रूची छोटी, 'आणि'ने जोडलेली वाक्यं त्याने तशीच ठेवली, आणि ती इंग्रजीला शोभली. 1535 मध्ये हेन्री फिलिप्स नावाच्या माणसाने दोस्ती करून त्याला अँटवर्पमध्ये पकडून दिलं. फिलफोर्डेच्या किल्ल्यात तो दीड वर्षाच्या आसपास होता. तिथून त्याने लिहिलेलं एक लॅटिन पत्र सापडलं आहे. डोकं थंडीने गारठतं म्हणून उबदार टोपी, अंगरखा, विजारीला ठिगळ लावायला कापड, संध्याकाळी एक दिवा. आणि सर्वांत कळकळीने हिब्रू बायबल, व्याकरण नि शब्दकोश. हे पत्र वाचताना मला या माणसाचा पोत कळतो. 1536 च्या ऑक्टोबरात त्याला खांबाला बांधून गळा आवळून मारलं आणि देह जाळला. इंग्लंडच्या राजाचे डोळे उघड, अशी त्याची शेवटची प्रार्थना होती, असं फॉक्स सांगतो.

तोवर माइल्स कव्हरडेलचं पहिलं संपूर्ण छापील इंग्रजी बायबल 1535 मध्ये निघालेलं होतं. 1537 मध्ये 'थॉमस मॅथ्यू' या नावाने आणखी एक आलं, पोपशी फारकत घेतलेल्या आठव्या हेन्री राजाच्या परवान्यासह. त्याचा मोठा भाग टिंडलचा होता. संपादक जॉन रॉजर्स याने नाव बदललं होतं एवढंच. 1538 मध्ये प्रत्येक चर्चमध्ये मोठं इंग्रजी बायबल ठेवण्याचा हुकूम निघाला आणि 1539 मध्ये त्यासाठी 'ग्रेट बायबल' छापलं गेलं. त्याच्या 1541 च्या एका आवृत्तीवर ग्रंथ तपासणारा म्हणून टन्स्टलचं नाव आहे.

पण राजाचा धीर सुटला. 1543 च्या कायद्याने बायका (सरदारघराण्यातल्या सोडून), कारागीर, शिकाऊ पोरं, शेतकरी, मजूर यांना बायबल वाचायला बंदी झाली. 1546 मध्ये सेंटबरीच्या टेकडीवर मेंढ्या राखणाऱ्या रॉबर्ट विल्यम्सने एक दुसरंच पुस्तक विकत घेतलं आणि त्यात लिहून ठेवलं की मेंढपाळांनी नवा करार वाचायचा नाही असं ठरल्यावर मी हे घेतलं, देव त्यांचं आंधळेपण दूर करो. टिंडलच्या त्या पोराला वाचता येऊ लागलं होतं, याला याहून चांगला पुरावा नाही.

कॅथलिक राणी मेरीच्या काळात जॉन रॉजर्स 1555 मध्ये जाळला गेला. पळून गेलेल्या विद्वानांनी 1560 मध्ये जिनिव्हात वचनांना आकडे घातलेलं, स्वस्त, टिपांनी भरलेलं बायबल काढलं. घराघरांत शिरलं ते हे. कॅथलिकांनीही 1582 मध्ये ऱ्हाँसला आपला इंग्रजी नवा करार छापला. 1604 मध्ये राजा जेम्सने हॅम्प्टन कोर्टला बैठक घेतली, 47 विद्वान कामाला लागले आणि 1611 मध्ये त्याच्या नावाने ओळखलं जाणारं बायबल आलं. 'चर्च' हा शब्द राखा, अशी सूचना त्यांना होती. ती त्यांनी पाळली.

त्या 47 जणांच्या विद्वत्तेबद्दल मला आदर आहे. वाक्याची लय कुठे उचलायची आणि कुठे सोडायची हे त्यांना फार चांगलं कळत होतं. पण 1998 मध्ये दोन अभ्यासकांनी शब्दन् शब्द ताडून पाहिला, तेव्हा नव्या करारातले सुमारे 84 टक्के शब्द टिंडलचे निघाले. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आधीची भाषांतरं काळजीपूर्वक पाहिली असं म्हटलं आहे. नाव कुणाचंच नाही. इंग्रजी बायबलचा भाषांतरकार कोण, असं कुणी विचारलं तर राजाचं नाव बाजूला ठेवून विल्यम टिंडल हेच उत्तर द्यावं लागेल.