घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर आणि नवी मुंबईतील कौटुंबिक दृश्यसाधने : एका अल्पायुषी यंत्राचा इतिहास

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना बखरी, दफ्तरे, नाणी आणि शिलालेख यांच्यापासून प्रारंभ करण्याची आपली परंपरा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसविल्या गेलेल्या शहराचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकास मात्र ही परंपरा पुरेशी ठरत नाही. नवी मुंबई हे असे शहर होय. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण परिसरातील गावांच्या जमिनीवर एकेक नोड उभा राहिला. १ जानेवारी १९९२ पासून महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. या घडामोडींची शासकीय बाजू नकाशे, अहवाल आणि भूसंपादनाच्या कागदपत्रांतून उपलब्ध होते. परंतु सिडकोच्या दोन खोल्यांत राहावयास आलेल्या कुटुंबाने आपले घर कसे मांडले, गावठाणातील आगरी-कोळी कुटुंबाच्या हळदीला अंगणात कोण कोण जमले होते, माथाडी कामगाराच्या मुलीच्या लग्नात पंगती कोठे बसल्या, हे त्या कागदांत नाही. ते काही अंशी घराघरांतील व्हिडिओ कॅसेटमध्ये आहे, किंवा होते.

या कॅसेटमधील चित्रण पुढील काळात टिकविण्याचे काम ज्या साधनांवर येऊन पडले त्यांपैकी घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर हे एक होते. हे यंत्र साधारण दहा-बारा वर्षे बाजारात राहिले आणि फारशी नोंद न होता निघून गेले. ते निवडताना आणि वापरताना घराघरांत जे निर्णय घेतले गेले ते वरकरणी खरेदीचे निर्णय होते. परिणामांच्या दृष्टीने मात्र ते अभिलेखागाराचे निर्णय होते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

कॅसेटचा काळ

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली आणि त्याच सुमारास आखाती देशांतून परतणाऱ्यांच्या सामानात व्हीसीआर दिसू लागला. जपानमधील जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणलेली व्हीएचएस पद्धतीची कॅसेट येथेही रूढ झाली. प्रारंभी व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर चित्रपट पाहण्याची चाल होती. खांद्यावर मोठा कॅमेरा आणि हातात प्रखर दिवा घेतलेला शूटिंगवाला लग्नमंडपात दिसू लागला तेव्हा कॅसेटला दुसरे आयुष्य मिळाले.

नवी मुंबईची वाढ आणि हा काळ एकमेकांस लागून आहेत. मे १९९२ मध्ये लोकल रेल्वे वाशीपर्यंत आली आणि नंतर ती टप्प्याटप्प्याने पनवेलच्या दिशेने गेली. या वर्षांत येथे आलेल्या कुटुंबांच्या वास्तुशांती, बारसे, मुंज आणि लग्न यांचे चित्रण व्हीएचएसवर झाले. येथील दमट हवेत फितीवर बुरशी धरते, फीत चिकटते, व्हीसीआरचे हेड खराब होते. कपाटातील कॅसेटला वर्षातून एकदा ऊन दाखवावे, असा सल्ला तेव्हा सर्रास दिला जाई. फितीसाठी तो योग्य होता असे म्हणता येत नाही.

यंत्राची निवड

डीव्हीडी जपानमध्ये नोव्हेंबर १९९६ मध्ये विक्रीस आली. घरी मुद्रण करता येईल असा पहिला डीव्हीडी रेकॉर्डर पायोनियर कंपनीने १९९९ च्या अखेरीस तेथेच आणला. त्यानंतर पॅनासोनिक, फिलिप्स, सोनी, एलजी इत्यादी कंपन्यांची यंत्रे आली. मात्र या कंपन्यांचे तबकडीच्या प्रकारावर एकमत नव्हते. ‘डीव्हीडी वजा’, ‘डीव्हीडी अधिक’ आणि ‘डीव्हीडी-रॅम’ असे तीन पंथ निर्माण झाले आणि दुकानात उभ्या असलेल्या गृहस्थाला त्यांतील भेद समजावून सांगणे विक्रेत्यालाही कठीण जाई. पुढे बहुतेक यंत्रे वजा आणि अधिक असे दोन्ही प्रकार स्वीकारू लागली तेव्हा हा वाद निवळला. डीव्हीडी-रॅमवर घेतलेले मुद्रण आज वाचू शकणारी यंत्रे मात्र थोडी आहेत.

घराघरांत या यंत्राची गरज का भासली? कॅसेटवर जसे कार्यक्रम मुद्रित करीत असू तसे तबकडीवर करू, ही पहिली कल्पना होती. १५ ऑगस्ट १९९९ रोजी सुरू झालेली अल्फा मराठी वाहिनी (२००५ पासून झी मराठी) आणि इतर वाहिन्यांमुळे जपून ठेवावेसे वाटणारे कार्यक्रमही होते. परंतु चित्रपट मुद्रित करण्याचे कारण लवकरच संपले. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या भारतीय कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांस आणि डीव्हीडी ३४ रुपयांस विकण्यास सुरुवात केली. कोरी तबकडी, जाहिराती गाळण्याचा खटाटोप आणि रात्री जागून बटण दाबण्याचा त्रास यांपेक्षा तयार डीव्हीडी परवडू लागली. यंत्राला उरलेले खरे काम म्हणजे घरच्या कॅसेट तबकडीवर उतरविणे. प्रस्तुत लेखकाच्या मते या यंत्राच्या इतिहासातील हेच निर्णायक वळण होय. जे यंत्र चित्रवाणीसाठी घडविले गेले ते कुटुंबाच्या स्मृतीसाठी वापरले गेले.

या कामासाठी एकाच पेटीत व्हीसीआर आणि डीव्हीडी रेकॉर्डर असलेले जोडयंत्र सोयीचे होते, कारण एक बटण दाबले की कॅसेट तबकडीवर उतरे. चित्रपटांच्या अधिकृत कॅसेटमध्ये नक्कलविरोधी मॅक्रोव्हिजन संकेत असल्याने त्या उतरत नसत. घरच्या कॅसेटला ही अडचण नसावयास हवी होती. परंतु जुन्या फितीचा संकेत इतका डळमळीत असे की काही वेळा यंत्र त्यालाच संरक्षित समजून थांबे. अमेरिकेतील नातेवाइकांनी पाठविलेली कॅसेट एनटीएससी पद्धतीची असे, तर आपल्याकडील पद्धत पाल. दोन्ही वाचणारा व्हीसीआर नसेल तर ती कॅसेट उतरविता येत नसे.

हार्ड डिस्क असलेली महाग यंत्रे या कामास सर्वांत योग्य होती. आधी सर्व मुद्रण हार्ड डिस्कवर घ्यावे, नको तो भाग काढावा, मग तबकडी तयार करावी, अशी सोय त्यांत होती. किमतीच्या फरकामुळे बहुतांश कुटुंबांचा कल साध्या यंत्राकडे असणे स्वाभाविक होते आणि साध्या यंत्रात एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीवर झालेली चूक कायमची राही.

सर्वांत दूरगामी निर्णय होता तो मुद्रणाच्या दर्जाचा. ४.७ जीबीच्या एका तबकडीवर उत्तम दर्जाने १ तास, मध्यम दर्जाने २ तास, त्याखालोखाल ४ तास आणि सर्वांत हलक्या दर्जाने ६ तास मावत. तीन तासांच्या लग्नाच्या कॅसेटसाठी दोन तबकड्या वापराव्यात की एकाच तबकडीवर भागवावे? काटकसरीच्या घरात उत्तर उघड होते. व्हीएचएसचे चित्र मुळातच कमी रेषांचे असल्याने चार तासांचा दर्जा कागदोपत्री पुरेसा वाटे. पण जुन्या फितीवरील चित्रात बारीक ठिपक्यांची सतत हालचाल असते आणि चित्र संक्षिप्त करणारे यंत्र त्या ठिपक्यांनाही चित्राचा भाग समजून आपली क्षमता त्यांवर खर्च करते. परिणामी वऱ्हाडी मंडळींचे चेहरे चौकटी-चौकटींत फुटतात. खराब फितीला अधिक चांगल्या दर्जाची गरज होती. व्यवहारात अनेकदा उलटे घडले.

मुद्रण पूर्ण झाल्यावर तबकडी ‘फायनलाइज’ करावी लागे. या क्रियेत तबकडीवर अशी अनुक्रमणिका लिहिली जाते की जिच्या आधारे इतर यंत्रे ती वाचू शकतात. ती न करता ठेवलेली तबकडी बहुधा त्याच यंत्रावर चाले. ते बिघडले की साध्या प्लेअरला ती कोरी भासे. माहितीपुस्तिकेत हे लिहिलेले असे, पण माहितीपुस्तिका वाचण्याची आपली सवय किती, हे सांगणे नको.

कायद्याच्या बाजूने एक नोंद आवश्यक आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सोनी विरुद्ध युनिव्हर्सल खटल्यात घरगुती मुद्रणाला मान्यता दिली होती. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ३९ मध्येही स्वतःच्या खाजगी वापरासाठी केलेले मुद्रण हे प्रक्षेपण हक्काचा भंग ठरत नाही, अशी तरतूद आहे.

वीज, पाऊस आणि सेट-टॉप बॉक्स

नवी मुंबई मुंबईच्या शेजारी असली तरी विजेच्या बाबतीत ती राज्य मंडळाच्या क्षेत्रात होती. जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी अस्तित्वात आली. तो काळ राज्यातील भारनियमनाचा होता. वीज गेली तर कॅसेटवर तोपर्यंतचे मुद्रण तरी शिल्लक राही. डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये मुद्रण संपल्यावर नोंदी लिहिल्या जात असल्याने मध्येच वीज गेल्यास तोपर्यंतचा सारा भाग हातचा जाण्याची भीती असे. टीव्हीला इन्व्हर्टर जोडावा की रेकॉर्डरला, हा प्रश्न म्हणूनच गंभीर होता.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीचा उल्लेख येथे टाळता येत नाही. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. खाडीपलीकडे कळंबोलीसारख्या सखल वसाहतीही पाण्याखाली गेल्या. तळमजल्यावरील घरांत भिजलेल्या सामानाबरोबर कॅसेटही गेल्या. ज्या वाचल्या त्या लवकर उतरवून घ्याव्यात, ही निकड अनेकांना त्यानंतर जाणवली असल्यास नवल नाही.

या यंत्राचा शेवट चित्रवाणीच्या अंकीकरणाने घडविला. रेकॉर्डरमधील ट्यूनर केबलचा जुना ॲनालॉग संकेत पकडणारा होता. २००६ मध्ये टाटा स्काय आले. २००८ मध्ये त्याच कंपनीने मुद्रणाची सोय असलेला बॉक्स आणला. पुढे अंकीकरण सक्तीचे होऊन मुंबईत २०१२ मध्ये आणि त्यानंतर इतर शहरांत सेट-टॉप बॉक्स अनिवार्य झाला. ट्यूनर निरुपयोगी झाला. बॉक्सची वाहिनी आणि रेकॉर्डरचे घड्याळ असे दोन्ही जुळवीत बसण्याची तयारी कोणाची नव्हती. जुलै २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआरचे उत्पादन थांबविले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये मोझर बेअर कंपनीच्या अवसायनाचा आदेश निघाला.

साधन म्हणून तबकडी

पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून चित्रपटांचे जतन करीत आले आहे. लग्नाच्या आणि वास्तुशांतीच्या चित्रणाची जबाबदारी मात्र कोणत्याही संस्थेकडे नाही. ती कुटुंबाकडे आहे आणि कुटुंबाने ती तबकडीकडे सोपविली. घरी मुद्रित केलेल्या तबकडीत सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो. उष्णता, प्रकाश आणि दमटपणा यांनी तो क्षीण होतो. वर चिकटविलेले कागदी लेबलही तबकडीला हानी पोहोचविते. आणि ‘आता डीव्हीडी झाली’ या समाधानात मूळ कॅसेट भंगारवाल्यास दिलेली असल्यास ती तबकडी हीच एकमेव प्रत उरते.

प्रस्तुत लेखकाच्या घरी अशी एक तबकडी आहे. १९९४ मध्ये नेरुळ येथील घराच्या वास्तुशांतीचे ते चित्रण; चार तासांच्या दर्जावर उतरविलेले, फायनलाइज न केलेले. रेकॉर्डर बिघडल्यानंतर ती अनेक वर्षे कोरी समजली गेली. अखेरीस संगणकावर तिच्यातील साधारण चाळीस मिनिटे परत मिळाली. पूजेच्या चौरंगाजवळ बसलेल्या आजीचा चेहरा चौकटींत विरघळला आहे. शूटिंगवाल्याने हौसेने खिडकीतून बाहेर फिरविलेला कॅमेरा मात्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. त्यात रस्त्यापलीकडे एकही इमारत नाही. मोकळ्या जमिनीवर गुरे चरत आहेत आणि त्यामागे खाडीपर्यंत दृष्टी जाते. त्या जागेचा सिडकोचा नकाशा आम्हांस उपलब्ध आहे. त्यात ती जमीन भूखंड क्रमांकांनी भरलेली आहे.